टक्! आणि लगेच खाऊ

भाईंदरच्या गोडदेव नाक्यावर संध्याकाळी सातच्या सुमारास चार महिन्यांचं पिल्लू घेऊन उतरा, म्हणजे त्याच्या अंगात किती वीज भरलीय ते कळतं. रिक्षांचे हॉर्न, वडापावच्या गाडीवरचा वास, क्लास सुटून घरी निघालेली पोरं, दुकानाच्या पायरीशी ठाण मांडून बसलेली गल्लीतली कुत्री. पिल्लू पट्टा ताणतं, मागच्या पायांवर उभं राहतं, येणाऱ्याजाणाऱ्याच्या अंगावर झेपावतं. मग सोसायटीत सल्ला ठरलेला: दोन रट्टे घाला, सरळ होईल. या सल्ल्याला माझा ठाम विरोध आहे. असं पिल्लू शिकवायला सगळ्यात चांगलं. ते सतत काहीतरी करत असतं आणि त्यातलंच हवं ते उचलून घेता येतं. ते उचलायचं साधन म्हणजे क्लिकर.

क्लिकर ही मुठीत मावणारी प्लॅस्टिकची डबी. आतली पोलादी पट्टी दाबली की टक् वाजते. पिल्लाने हवं ते केलं त्याच क्षणी टक्, आणि लगेच खाऊ. जत्रेत पत्र्याचा बेडूक मिळायचा ना, पोट दाबलं की टकटक करणारा, तीच ही जात. अशीच पितळी टकटकी 1944 च्या जूनमध्ये नॉर्मंडीत उतरलेल्या अमेरिकी छत्रीधारी सैनिकांच्या खिशात होती. अंधारात आपला माणूस ओळखण्यासाठी. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने 1951 साली ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये प्राण्यांना कसं शिकवावं यावर लेख लिहिला, तेव्हा खुणेच्या आवाजासाठी हेच खेळणं सुचवलं.

पण माझा जीव अडकलाय तो त्याच्या आठ वर्षं आधीच्या प्रसंगात. 1943, मिनिआपोलिस शहर, एका पिठाच्या गिरणीचा वरचा मजला. युद्धासाठी कबुतरांकडून बॉम्बची दिशा राखून घ्यायचा प्रयोग तिथे चालला होता. सरकारी निर्णयाची वाट बघताना स्किनर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एका कबुतराला लाकडी चेंडू चोचीने ढकलायला शिकवायचं ठरवलं. दाण्याच्या पेटीचं बटण हातात धरून ते थांबले. कबुतराने चेंडू ढकलला की दाणे. कबुतर ढकलेना. मग त्यांनी अट सैल केली: चेंडूकडे नुसतं बघितलं तरी दाणे. मग मान वळली, चोच टेकली, आणि काही मिनिटांतच चेंडू पेटीच्या भिंतींवर आपटत फिरू लागला. पूर्ण कृतीची वाट बघू नका, तिच्या पहिल्या धाग्यालाच पकडा, हे हाताने शिकवताना तिथे उमगलं. मला ही गोष्ट कितीही वेळा सांगायला आवडते.

त्या गटातला केलर ब्रेलंड आणि त्याची बायको मेरियन हे स्किनरचे विद्यार्थी. विद्यापीठ सोडून त्यांनी प्राणी शिकवण्याचा धंदाच काढला आणि पुढे अर्कान्सातल्या हॉट स्प्रिंग्ज गावी मुक्काम हलवला. 1961 साली दोघांनी आपल्या अपयशांवर एक निबंध लिहिला. तो प्रत्येक कुत्रेवाल्याने वाचावा. रॅकूनला नाणी डब्यात टाकायला शिकवलं, तर तो दोन नाणी एकमेकांवर चोळत बसायचा, कारण तो खाणं असंच चोळून खातो. डुकराला लाकडी नाणी उचलून आणायला शिकवलं, तर ते वाटेत टाकून नाकाने उकरायचं. म्हणजे बक्षीस कितीही द्या, जनावराचा मूळ पिंड डोकं वर काढतोच. मातीत नाक खुपसणाऱ्या पिल्लाला म्हणूनच मी हट्टी म्हणत नाही. हुंगणं हा त्याचा पिंड आहे. शहाणा शिक्षक तोच बक्षीस म्हणून वापरतो.

पुढचा इतिहास थोडक्यात. कॅरन प्रायर यांनी 1963 पासून हवाईत डॉल्फिनना शिट्टीच्या खुणेवर शिकवलं, 1984 मध्ये त्यांचं ‘डोन्ट शूट द डॉग’ आलं, 1990 च्या दशकात क्लिकर कुत्र्यांच्या वर्गांत पोचला. वर्गाकडे वळण्याआधी लशींचंही सांगून टाकते: पिल्लू सात-आठ आठवड्यांचं झालं, पहिली लस टोचून किमान आठवडा उलटला आणि जंताचं औषध झालं, की स्वच्छ जागेतल्या वर्गाला पाठवता येतं, बाकी डॉक्टरांना विचारा.

आता वर्ग. भाईंदर पूर्वेला एका बंदिस्त आवारात रविवारी सकाळी भरणारा असा वर्ग मी हौसेने बघत आले आहे. एका शाळकरी मुलाने गल्लीतून उचललेली झिपरी तिथे आली, तेव्हा समोरचा लॅब्राडोर बघून तिने भुंकून आवार डोक्यावर घेतलं.

“ताई, ही ऐकतच नाही!”

“ऐकायला अजून सांगितलंय कुठे? आधी दहा पावलं मागे या.”

दहा पावलं मागे, एका स्कूटरच्या आडोशाला. झिपरी तणतणत होतीच. मग तिने लॅब्राडोरकडे पाहिलं आणि भुंकायच्या आधीच्या अर्ध्या क्षणात वर्ग घेणाऱ्या ताईंनी टक् केलं. झिपरीने मान वळवली, खाऊ खाल्ला. पुन्हा पाहिलं, टक्, खाऊ. थोड्या वेळाने ती लॅब्राडोरकडे बघायची आणि आपण होऊन मुलाकडे वळायची. लेस्ली मॅकडेव्हिट यांनी 2007 च्या आपल्या पुस्तकात हा खेळ मांडलाय. उत्साही पिल्लाला गटात ‘बस’ शिकवण्याआधी हेच शिकवायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

लोक विचारतात, दहा जणांचे दहा क्लिकर वाजले तर पिल्लू गोंधळत नाही? सुरुवातीला कान टवकारतं. पण दुसऱ्याच्या टक् नंतर आपल्याला काही मिळत नाही, हे त्याला लवकर समजतं. अट एकच: आपल्या टक् नंतर खाऊ मिळालाच पाहिजे, चुकून वाजला तरीही. आवाजाला बुजणाऱ्या पिल्लासाठी क्लिकर खिशात ठेवून वाजवावा, किंवा बॉलपेनची टिकटिक वापरावी. दिवाळीच्या दिवसांत तर हे लक्षात ठेवायलाच हवं. लवंगी माळेने धास्तावलेल्या पिल्लाला त्या आठवड्यात वर्गाला नेऊच नये.

खाऊ हरभऱ्याच्या डाळीएवढा. पनीर, उकडलेलं अंडं चालतं, पण आमच्या भागाची खरी चैन उत्तनची. तिथे बांबूच्या वलांडीवर वाळणारा, मीठ न लावलेला बोंबील कात्रीने बारीक कापून न्या. समोर लॅब्राडोर असो की मांजर, पिल्लाचं नाक तुमच्या मुठीकडे वळतं.

आणि सराव आधी माणसाने करायचा, कुत्र्याशिवाय. एकाने चेंडू टाकायचा, दुसऱ्याने तो जमिनीला टेकताक्षणी टक् करायचं. बहुतेकांचं टक् उशिरा पडतं, आणि पिल्लू उडी मारून खाली आल्यावर वाजलं तर उडीच पक्की होते. मेरियन यांचे दुसरे पती बॉब बेली यासाठी माणसांना कोंबड्या शिकवायला बसवत. कोंबडी चपळ, तिला माणसाची भीड नाही. टक् चुकलं की ती चुकीचीच गोष्ट शिकते आणि तुमचा उशीर लगेच उघडा पडतो. असा कोंबड्यांचा वर्ग आपल्याकडे कुणीतरी काढावा. वसईपासून उत्तनपर्यंत गावठी कोंबड्यांना तोटा नाही, गोडदेवमध्ये जागा मी शोधून देईन.