विधेयक असतानाच वाचावे

मध्य प्रदेशातील मंडीदीपच्या कारखान्यांत राबणाऱ्या कामगाराच्या वेतनापासून भोपाळच्या वायुपीडितांच्या नुकसानभरपाईपर्यंत ज्या गोष्टी कायद्याने ठरतात, त्या प्रथम विधेयकाच्या रूपाने सभागृहापुढे येतात; आणि तो मसुदा वाचण्याची मुभा प्रत्येक नागरिकास असूनही आपण बहुधा कायदा अंमलात आल्यावरच जागे होतो.

मंत्री अथवा सदस्य विधेयक मांडण्यास सभागृहाची अनुज्ञा मागतो; ती मिळाली की विधेयक पुरःस्थापित होते आणि राजपत्रात छापले जाते. पुढे त्याच्या तत्त्वांवर चर्चा, जरूर पडल्यास प्रवर समितीची छाननी, खंडवार विचार, दुरुस्त्या आणि अखेरचे मतदान हा क्रम असतो. मध्य प्रदेशात विधानपरिषद नसल्यामुळे 230 सदस्यांच्या विधानसभेने संमत केलेले विधेयक थेट राज्यपालांकडे जाते. महाराष्ट्रात त्याला दोन्ही सभागृहांतून जावे लागते.

कायदा झाल्यावर जागे होण्याची किंमत भोपाळइतकी कोणाला ठाऊक असणार? 2 आणि 3 डिसेंबर 1984 च्या रात्रीच्या वायुगळतीनंतर 20 फेब्रुवारी 1985 रोजी पीडितांच्या दाव्यांविषयी वटहुकूम निघाला, आणि संसदेत विधेयक संमत होऊन 29 मार्च रोजी त्याच्या जागी कायदा आला. त्याच्या तिसऱ्या कलमाने पीडितांच्या वतीने दावे चालविण्याचा अनन्य अधिकार केंद्र सरकारकडे गेला. त्याच अधिकाराच्या बळावर फेब्रुवारी 1989 मध्ये 47 कोटी डॉलरांची तडजोड झाली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरविला खरा, परंतु तडजोडीपूर्वी पीडितांचे म्हणणे ऐकून घ्यावयास हवे होते, असेही नमूद केले.

संसदेची विधेयके संसदेच्या संकेतस्थळावर, तर राज्याची विधेयके विधानसभेच्या संकेतस्थळावर आणि मध्य प्रदेश राजपत्रात पाहावीत. वाचताना आरंभ शेवटच्या पानांपासून करावा: उद्देश व कारणांच्या निवेदनात सरकारचा हेतू असतो, वित्तीय ज्ञापनात तिजोरीवरील भार, आणि प्रत्यायोजित विधिविधानाच्या ज्ञापनात कोणती बाब सभागृहाबाहेर, नियमांद्वारे ठरविली जाणार याचा खुलासा. नंतर एकेक खंड वाचून, अधिकार कोणाकडून कोणाकडे जात आहे, एवढे तरी निश्चित करावे.

मंडीदीप भोजपूर विधानसभा मतदारसंघात येते. पुढील अधिवेशनात आपल्या उपजीविकेशी निगडित विधेयक मांडले गेले, तर त्याचा मसुदा मिळवून ज्या खंडास हरकत असेल त्याचा क्रमांक देऊन या मतदारसंघाच्या आमदारांना लेखी कळवावे. कारण दुरुस्तीची सूचना विधेयक सभागृहात असेपर्यंतच उपयोगी पडते.