भिंतीवरचा ब्राऊन आणि शाळेच्या दारातला ब्राऊन

अमेरिकेतील कॅन्सस राज्याचे विधानभवन टोपेका शहरात आहे. १८६६ ला सुरू झालेले बांधकाम १९०३ ला संपले. ही वास्तू पाहायला गेलेला माणूस दुसऱ्या मजल्यावर थबकतोच. समोर भिंतीवर दहा फूट उंचीचा जॉन ब्राऊन! एका हातात बायबल, दुसऱ्या हातात बंदूक, वाऱ्यावर उडणारी दाढी, मागे वणवा आणि चक्रीवादळ, पायाशी यादवी युद्धातले मृत सैनिक.

जॉन ब्राऊन गोरा होता. गुलामगिरी मोडण्यासाठी त्याने शस्त्र उचलले आणि २ डिसेंबर १८५९ रोजी तो फासावर गेला. पुढे १८६५ मध्ये गुलामगिरी घटनेने रद्द झाली. गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकन लोकांनाच महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये आपली ‘गुलामगिरी’ अर्पण केली. म्हणून या भिंतीशी आपलेही नाते आहे.

चित्रकार जॉन स्ट्युअर्ट करी हा कॅन्ससचाच. १९४० च्या सुमारास त्याने हे काम केले, तेव्हा प्रतिष्ठितांच्या पोटात दुखू लागले. वादळ कशाला, हा माथेफिरू कशाला? डुकराच्या शेपटीच्या वळणावरही आक्षेप निघाले! पुढच्या चित्रांसाठी भिंतीवरचा संगमरवर काढायला विधिमंडळाने नकार दिला. करीने सही न करताच काम सोडले आणि १९४६ मध्ये तो वारला. १९९२ मध्ये विधिमंडळाने त्याची माफी मागितली.

पण चित्रकाराचा अपमान ही या वास्तूची किरकोळ गोष्ट. मोठी गोष्ट कायद्याच्या पुस्तकात होती. याच विधिमंडळाने १८७९ मध्ये कायदा करून मोठ्या शहरांना काळ्या मुलांच्या प्राथमिक शाळा वेगळ्या ठेवण्याची मुभा दिली. म्हणजे भिंतीवर मुक्तिदाता चढला, तेव्हा त्याच शहरात काळ्या मुलाला गोऱ्या मुलाशेजारी बसता येत नव्हते. तसबिरीला हार घालायचा आणि वस्तीला वेशीबाहेर ठेवायचे, ही रीत आपल्याला नवी नाही. आपले आणि काळ्यांचे दुःख सारखे आहे, हे बाबासाहेबांनी १९४६ मध्येच डॉ. डुबॉइस यांना पत्राने कळवले होते.

तो कायदा कोणा गोऱ्या वीराने मोडला नाही. १९५१ मध्ये टोपेकातील तेरा काळे पालक कोर्टात गेले. खटल्याला नाव मिळाले ऑलिव्हर ब्राऊन यांचे. रेल्वेच्या कारखान्यात वेल्डिंग करणारा, चर्चमध्ये प्रवचन देणारा हा बाप. लेकीला जवळची शाळा मिळावी, एवढीच त्याची मागणी. १७ मे १९५४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वेगळ्या शाळा बेकायदा ठरवल्या. बंदूक नाही, वादळ नाही. अर्ज, वकील आणि संघटना.

या दुसऱ्या ब्राऊनच्या लढ्याचे चित्र त्याच विधानभवनात लागायला २०१८ साल उजाडले. ते तिसऱ्या मजल्यावर, जुन्या न्यायदालनाबाहेर आहे. दहा फुटी ब्राऊनपुढे फोटो काढून परतणाऱ्यांनी आणखी एक जिना चढावा.