नदीवर जायचं ते पौषात!

बदलापूरला राहणाऱ्या बाईला पावसाळ्यात पाहुण्यांची वाण कधीच पडत नाही. जूनचा पहिला पाऊस झाला रे झाला, की मुंबई-ठाण्याचे नातेवाईक सहकुटुंब हजर. कोणाला कोंडेश्वरचा धबधबा पाहायचा असतो, कोणाला बारवीकडे जायचं असतं, आणि आमच्या शिरगावातल्या घरी भज्यांची कढई काही उतरत नाही! मात्र दिवाळी उलटली की याच नदीकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. मैत्रिणींनो, माझं म्हणणं असं, की नदीची खरी सहल करायची ती या ओस पडलेल्या दिवसांतच. एक रात्र तंबूत, हातात गळ, सोबत घरची मंडळी.

‘पण मासे तर पावसात मिळतात!’ असं घरातले पुरुष लगेच म्हणतील. आमच्याकडेही म्हणाले. त्यांना द्यायची दोन उत्तरं तयार ठेवा.

पहिलं उत्तर पाण्याचं. पावसाळ्यातली उल्हास नदी काय करू शकते, हे आम्ही बदलापूरकरांनी २६ जुलै २००५ ला पाहिलं. पुढे २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेसच पुरात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं. जिथे आगगाडी थांबते, तिथे आपल्या चिमुकल्या तंबूची काय कथा? कोंडेश्वरला तर पावसाळ्यात बुडून मेलेल्या तरुण मुलांच्या बातम्या येतात आणि मग प्रशासनाला बंदी घालावी लागते. वर डोंगरात पाऊस कोसळत असतो, खाली ऊन असतं, आणि पाणी अचानक चढतं.

दुसरं उत्तर माशांचं. पहिल्या पावसात नदीतले मासे अंडी घालायला ओढ्यांतून, शेतांतून उलटे चढू लागतात. आपल्या भागात याला वलगण म्हणतात. मी अर्धवेळ शिकवते त्या वर्गात जूनमध्ये एखादा मुलगा डोळे मोठे करून वलगणीच्या माशांच्या गोष्टी सांगतोच. चव मोठी खरी, पण पोटात गाभोळी भरलेली मासळी टोपल्या भरभरून धरली, तर पुढच्या वर्षी नदीत राहणार काय? गरोदर बाईला आपण ओटी भरून माहेरी धाडतो. त्या मासळीला निदान वाट तरी मोकळी ठेवावी!

आता महिना का पौष? मार्गशीर्षात आपले गुरुवार असतात, अनेक घरांत महिनाभर मासळी शिजत नाही. पौषात लग्नकार्यं नसतात, म्हणजे आहेराची आणि पाहुण्यांची धावपळ नाही. नदीचं पाणी निवळलेलं असतं, वालाच्या शेंगा भरलेल्या असतात. शक्यतो पौर्णिमेच्या आसपासचा शनिवार धरा. रात्री उजेड असला की मुलं घाबरत नाहीत, आणि खरं सांगायचं तर आपणही नाही.

जागा निवडताना नदीच्या वरच्या अंगाला जायचं, म्हणजे वांगणी, शेलू, नेरळच्या बाजूला. लोकलने अर्ध्या तासाच्या आत पोचता येतं. खाली कल्याणकडे नदीत सांडपाणी मिसळतं, जलपर्णी माजते. त्या पट्ट्यातला मासा मी घरात आणत नाही.

एक गोष्ट मात्र अगदी कान देऊन वाचा. थंडीतही या नदीचं पाणी वाढतं! भिवपुरीचं टाटांचं जलविद्युत केंद्र १९२२ पासून चालू आहे. वीज तयार करून सोडलेलं पाणी पेज नदीतून उल्हासला मिळतं. म्हणून ही नदी हिवाळ्यात कोरडी पडत नाही, आणि म्हणूनच आभाळ निरभ्र असतानाही पाणी चढ-उतार करतं. सकाळी मुलं ज्या खडकावर बसली, तो दुपारी पाण्याने वेढलेला असू शकतो. पोचल्याबरोबर पाण्याच्या कडेला एक दगड खुणेसाठी ठेवायचा आणि मधूनमधून पाहायचा. नदीच्या मध्यावरच्या खडकावर कोणीही जायचं नाही, नवऱ्यानेसुद्धा नाही. तंबू काठापासून शंभरेक पावलं दूर आणि उंचावर हवा. पाण्यात उतरायचं ते मोठ्या माणसाचा हात धरून, गुडघ्यापर्यंतच. मऊ वाळूपुढे एकदम डोह लागतो.

तंबू ठोकायची जागा कोणाची तरी असतेच. आधी एकदा जाऊन शेतकऱ्याला भेटावं, परवानगी घ्यावी, काय द्यायचं ते ठरवावं. ज्या शेतावर घर आहे, तिथेच उतरा. कारण सांगायला संकोच कशाला? आपल्याला आणि मुलींना रात्री संडासाची सोय लागते. पुरुषमंडळी ‘उघड्यावर काय हरकत आहे’ म्हणून मोकळी होतात, आणि मग आपण दुपारपासून पाणी पिणं बंद करतो. ही सोय झाल्याशिवाय मी तारीखच ठरवत नाही. आसपासच्या वाडीतल्या कातकरी माणसांना नदीची नस ठाऊक असते. त्यांना जागा विचारा, मासळीही त्यांच्याकडून विकत घ्या, आणि घासाघीस करू नका. आपला तो एक दिवसाचा खेळ, त्यांचं पोट त्यावर आहे.

गळाला फार खर्च नाही. सरळ बांबूची काठी, तंगूस, लहान गळ, एखादं शिसं, आणि तरंगायला मोरपिसाच्या देठाचा तुकडा. गांडुळं किंवा घट्ट मळलेली कणीक आमिष म्हणून पुरते. चिलापी कणकेला येते. शिंगटी संध्याकाळी, तळाशी सोडलेल्या गांडुळाला. थंडीत मासा सुस्त असतो, म्हणून पहाटे उठून कुडकुडत बसू नये. ऊन पाण्यात शिरलं की दहानंतर बसावं. सकाळचा चहा निवांत होतो, हा फायदा वेगळाच!

आणि कामं घरूनच कागदावर वाटून न्या. नाहीतर पुरुष गळ टाकून बसतात आणि आपण चुलीपाशी, म्हणजे घरचंच स्वयंपाकघर उचलून नदीवर नेलं! आमच्याकडे भांडी ह्यांच्याकडे, पाणी भाऊजींकडे, आणि दुपारी दोन तास काठी माझ्या हातात. सासूबाईंनी आधी नाक मुरडलं, पण पहिली चिलापी त्यांनीच काढली.

शिंगटी हाताळताना तिच्या काट्यांना जपा, फार ठणकतं. तिचा बुळबुळीतपणा चुलीतली राख चोळली की जातो. चिखलाचा वास असेल तर मीठ, हळद आणि चिंचेचा कोळ लावून अर्धा तास ठेवावी, मग धुवावी. नदीची मासळी अर्धीकच्ची खाऊ नये, आतपर्यंत शिजवावी.

मासा नाहीच लागला तर? म्हणून रात्रीसाठी पोपटी ठरवूनच जा. मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, हवी तर मसाला लावलेली कोंबडी, मधूनमधून जाडं मीठ आणि ओवा. तोंडाशी पुन्हा पाला गच्च कोंबायचा. पाणी नाही, तेल नाही. मडकं उपडं ठेवून भोवती गवत-काटक्या रचून पेटवायचं. अर्ध्या-पाऊण तासाने मडक्यावर पाण्याचा शिपका मारावा. लगेच चर्र होऊन वाळला, की झाली. विस्तव गवतापासून दूर, आणि निजण्याआधी पाणी ओतून पुरता विझवायचा. एक घोंगडी जास्तीची न्या, पहाटे नदीकाठी बदलापूरपेक्षाही गारठा जाणवतो. भांबुर्डीचा पाला मात्र उजेडीच काढून ठेवा. अंधारात बांधावर हात घालू नये.