कातेना सापाता

कातेना सापाता ही आर्जेन्टिनाच्या मेन्दोसा प्रांतातील, आन्देस पर्वताच्या पायथ्याशी असलेली कुटुंबसंचालित वायनरी आहे. इटलीहून आलेल्या निकोला कातेना यांनी १९०२ मध्ये येथे माल्बेक जातीच्या द्राक्षांची लागवड केली. निकोलास कातेना सापाता हे त्यांचे नातू, तर लाउरा कातेना या पणती होत.

निकोलास यांनी १९९० च्या दशकात ग्वालतायारी येथे, समुद्रसपाटीपासून सुमारे १,४५० मीटर उंचीवर, आद्रियाना हा मळा लावला. इतक्या थंडीत द्राक्षे पिकणार नाहीत, अशी तेव्हा भीती व्यक्त झाली होती. शंभर मीटर चढल्यावर तापमान साधारणतः ०.६ अंश सेल्सियसने उतरते, तेव्हा ती अनाठायी नव्हती. परंतु उंचीवर अतिनील किरण प्रखर असल्याने द्राक्षाची साल जाड होते, तिच्यात रंगद्रव्ये व टॅनिन वाढतात. थंड रात्रींमुळे आम्लताही टिकते. द्राक्षे पिकली.

खरी चिंता पाण्याची आहे. प्रांताच्या या भागात वर्षाकाठी जेमतेम २०० मिलिमीटर पाऊस पडतो. पाटांतून वा विहिरींतून मिळणारे पाणी मुख्यतः आन्देसवरील वितळलेल्या बर्फाचे असते. डोंगरावर हिमवृष्टी घटली की त्याची झळ मळ्यांना बसते. गारपिटीपासून बचावासाठी या प्रदेशात वेलींवर जाळ्या लावतात.

पर्यटक पाहतात ती पिरॅमिडसदृश इमारत आग्रेलो येथे असून ती २००१ मध्ये खुली झाली. तिचा आराखडा माया वास्तूंवरून घेतलेला आहे. माया संस्कृती मात्र मध्य अमेरिकेतील, आन्देसमधील नव्हे. आद्रियाना मळा तेथून बराच दूर व उंचावर आहे.