पिना निघाल्या, मनोरा कोसळला

उंच इमारतीचे काम संपले, की तिच्या शेजारची टॉवर क्रेन उतरवावी लागते. क्रेन म्हणजे यारी. ही यारी उतरवण्यासाठी बहुधा दुसरी, चाकांवरची फिरती क्रेन आणतात. वरचा एकेक भाग फिरत्या क्रेनने धरायचा, त्याच्या जोडाच्या पोलादी पिना काढायच्या आणि तो भाग अलगद खाली घ्यायचा, असा हा क्रम असतो.

अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहरात २७ एप्रिल २०१९ रोजी दुपारी असेच काम चालू होते. वाऱ्याचा जोराचा झोत आला आणि टॉवर क्रेन रस्त्यावर कोसळली. दोन कामगार आणि मोटारींतून जाणारे दोघे असे चौघे मृत्युमुखी पडले. मनोऱ्याच्या खंडांना जोडणाऱ्या बहुतेक पिना आधीच काढून ठेवल्या होत्या, असे चौकशीत आढळले.

तुम्ही विचाराल, पिना काढल्यावरही मनोरा काही वेळ उभा कसा राहिला? स्वतःच्या वजनामुळे! एकावर एक ठेवलेल्या डब्यांसारखे ते खंड नुसते टेकलेले होते. असा जोड वरून येणारा दाब सोसतो. ओढ मात्र मुळीच सोसत नाही.

सोयीसाठी काही आकडे मानू. एका जोडाच्या वरचा भाग २० टनांचा, मनोरा २ मीटर रुंद आणि गुरुत्वमध्य बरोबर मधोमध आहे. वाऱ्याने हा भाग कलंडू लागला, तर तो पलीकडच्या कडेवर कलेल. त्या कडेपासून गुरुत्वमध्य १ मीटरवर आहे. म्हणून वजनाचे परिबल २० × १ = २० टन-मीटर. आता जोडापासून २५ मीटर उंचीवर वाऱ्याचा जोर अवघा १ टन धरा. त्याचे परिबल १ × २५ = २५ टन-मीटर. एका टनाने वीस टनांना हरवले! उरलेले ५ टन-मीटर कोणी सोसायचे? वाऱ्याकडच्या बाजूच्या पिनांनी. कडेपासून त्या २ मीटरवर असल्याने त्यांच्यावर अडीच टनांची ओढ येते. पिना नसतील तर जोड उघडतो.

घरी हा प्रयोग करून पाहा. रिकाम्या काडेपेट्या उभ्या, एकावर एक रचा. सर्वांत खालची पेटी टेबलाला चिकटवा. वरच्या पेटीवर फुंकर मारा. मग प्रत्येक सांध्यावर चारी बाजूंनी कागदाच्या पट्ट्या डकवून पुन्हा फुंका. फरक लगेच कळेल. या पट्ट्या म्हणजेच आपल्या पिना.

परिबलाचा हाच नियम फिरत्या क्रेनलाही लागू आहे. समजा, ६० टनांच्या क्रेनचा गुरुत्वमध्य तिच्या आधारपायांच्या कडेपासून ३ मीटर आत आहे. त्याच कडेपासून १२ मीटर बाहेर ती १० टनांचा भाग पेलते. तोच भाग २० मीटरवर नेला तर काय होईल? परिबले काढा आणि उत्तर स्वतःच शोधा.