सही करण्याआधी एकदा विचारा तर!

मोबाइल टिंग वाजतो. मेलचा विषय : ऑफर लेटर. तुम्ही पीडीएफ उघडेपर्यंत आईने देवापुढे साखर ठेवलेली असते, मामाला फोन लागलेला असतो. आणि तुम्ही? शेवटचं पान न बघताच 'आय ॲक्सेप्ट' टाइप करून मोकळे. पगार काय, जो असेल तो. आधी नोकरी तर लागली!

मीही हेच केलं होतं. ठाण्यातल्या एका ऑफिसात पहिली नोकरी. फोनवर वर्षाचा आकडा ऐकला, बाराने भागला आणि कामतघरच्या आमच्या चाळीत सांगूनही टाकला. पहिल्या पगाराचा बँकेचा मेसेज आला तेव्हा त्यात पाचेक हजार कमी. एचआरच्या मॅडमकडे गेलो. त्यांनी शांतपणे तोच पीडीएफ उघडून दाखवला. सगळं लिहिलेलं होतं. मी वाचलं नव्हतं, विचारायचं तर सोडाच.

गंमत म्हणजे घासाघीस आपल्याला नवी नाही. वऱ्हाळा तलावाच्या आसपास कितीतरी घरांत कोणी ना कोणी लूमवर राबलेलं असतं. लूमवर पगार मीटरवर ठरतो. धागा सारखा तुटणारा असेल, तर कारीगर शेठला सरळ सांगतो, 'या मालाला जुना भाव परवडत नाही.' शेठ कुरकुरतो, दोघं मधे कुठेतरी येतात, खटका पुन्हा सुरू होतो. यात कोणाला अपमान वाटत नाही. मग त्याच घरातली पहिली पदवीधर पोरं एसी ऑफिसात गेल्यावर गप्प का होतात?

भीती एकच : विचारलं आणि ऑफरच काढून घेतली तर? कंपनीने तुम्हाला निवडायला तीन-चार राउंड घालवलेले असतात. एका नम्र प्रश्नामुळे ते सगळं पुन्हा करायची हौस सहसा कोणाला नसते. बहुतेक वेळा उत्तर 'बघतो' किंवा 'बजेट नाही' असं येतं. बिनसतं ते 'एवढे द्या, नाहीतर येत नाही' अशी धमकी दिल्यावर. किंवा दुसऱ्या ऑफरची थाप मारल्यावर, कारण 'ते लेटर पाठवा बरं' म्हटलं की पंचाईत.

पण विचारायच्या आधी समोरचा आकडा म्हणजे काय, ते कळायला हवं. सीटीसी म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा खर्च, हातात येणारे पैसे नव्हेत. एक उदाहरण घेऊ. वर्षाला 3 लाख 24 हजार, म्हणजे महिन्याला 27 हजार. त्यात बेसिक 13,500. त्याच्या 12 टक्के कंपनीचा पीएफ 1,620, ग्रॅच्युइटी साधारण 649, आणि 'व्हेरिएबल' म्हणून 2,500, जे वर्षअखेरीस कामगिरी बघून मिळणार. हे वजा जाता उरले 22,231. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ पुन्हा 1,620 आणि प्रोफेशनल टॅक्स 200. हातात 20,411. (मुलींना महाराष्ट्रात 25 हजारांपर्यंत प्रोफेशनल टॅक्स नाही, त्यांचे 200 वाचले.) पीएफ तुमचाच आहे, तो बुडत नाही. ग्रॅच्युइटीला मात्र साधारणपणे सलग पाच वर्षं एकाच ठिकाणी काढावी लागतात. पहिल्या नोकरीत कोण काढतं?

आता या 20 हजारांतून रोजचा प्रवास काढा. रिक्षाने अंजूरफाटा, तिथून ठाणे, पुढे लोकल. ऑफिस अंधेरीला असेल तर अजून एक टप्पा. महिन्याचे दिवस गुणिले रोजचा खर्च, कागदावर मांडा. हा आकडा एचआरला ऐकवायचा नाही, 'मी लांब राहतो' हे पगारवाढीचं कारण होत नाही. तो तुमच्यासाठी आहे, किती खाली जायचं नाही हे कळायला.

सगळीकडे घासाघीस चालत नाही, हेही खरं. मोठ्या आयटी कंपन्या कॅम्पसमधून एकदम शेकडो पोरं घेतात तेव्हा सगळ्यांना एकच आकडा असतो. तिथे डोकं आपटू नका. जॉइनिंगची तारीख, लोकेशन आणि बॉण्ड विचारा. बॉण्ड म्हणजे नुसता कागद असं समजू नका. विजया बँकेच्या एका प्रकरणात तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख भरायची अट सुप्रीम कोर्टाने 2025 मध्ये योग्य ठरवली. वाव असतो तो लहान-मध्यम कंपन्यांत, सीए फर्ममध्ये, एक्स्पोर्टवाल्यांकडे.

आणि आपल्या दारातल्या गोदामांत? माणकोली, दापोडे, काल्हेर पट्ट्यात बीकॉम झालेली कितीतरी पोरं इन्व्हेंटरीवर आणि डिस्पॅचला आहेत. तिथे बोर्ड मोठ्या कंपनीचा आणि पगार कॉन्ट्रॅक्टरचा, असं सर्रास असतं. म्हणून पहिला प्रश्न : मी कोणाच्या पेरोलवर? दुसरा : ओव्हरटाइम कसा मोजता? महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आठवड्याला 48 तास ही मर्यादा आहे, त्यावरच्या कामाला दुप्पट दर. मॅनेजर मंडळींना तो लागू नाही, म्हणून हुद्द्याचं नावही नीट बघा. सीझनला बारा-बारा तास उभं राहायचं असेल, तर बेसिकमधल्या पाचशे रुपयांपेक्षा हा प्रश्न जास्त पैसे आणतो.

विचारायचं कधी? ऑफर हातात आल्यावर आणि हो म्हणण्याआधी. आधी 'दोन दिवसांत कळवतो' सांगा. मग फोन करा : 'मॅडम, ऑफरबद्दल मनापासून थँक यू, मला जॉइन करायला आवडेल. मी टॅली आणि ॲडव्हान्स एक्सेल दोन्ही करतो, सहा महिने इंटर्नशिपमध्ये जीएसटी रिटर्न भरलेत. फिक्स्ड महिन्याला दोन हजारांनी वाढू शकेल का?' एवढंच. आणि गप्प बसा. ही शांतता फार जड जाते. घाबरून आपणच 'नाही, चालेल तसंही' म्हणून टाकतो. नाही झालं तर व्हेरिएबलमधले थोडे फिक्स्डमध्ये टाकता येतील का, सहा महिन्यांनी पगार पुन्हा बघाल का, हे विचारा.

मुलींनो, तुमच्यासाठी एक जुना अभ्यास. अमेरिकेत लिंडा बॅबकॉक यांनी कार्नेगी मेलनमधून मास्टर्स झालेल्यांच्या पहिल्या पगाराची माहिती गोळा केली. जास्त मागणारे मुलगे 57 टक्के होते, मुली फक्त 7 टक्के. मुलग्यांचा सुरुवातीचा पगार सरासरी 7.6 टक्क्यांनी जास्त. पुढची प्रत्येक वाढ याच आकड्यावर टक्क्यांनी मोजली जाते.

दुसऱ्या नोकरीच्या वेळी मी विचारलं. दोन हजार मागितले. 'कळवते' म्हणून फोन ठेवला गेला आणि तीन दिवस काहीच नाही. त्या तीन दिवसांत घरी पप्पांशिवाय सगळ्यांनी मला वेड्यात काढलं. ते एवढंच म्हणाले, 'मागितलेस ना? मग आता थांब.' चौथ्या दिवशी फोन आला : बाराशे वाढवतो, चालेल का? मी म्हटलं, चालेल, फक्त नवीन लेटर मेलवर पाठवा.

ते आलं. या वेळी शेवटच्या पानापर्यंत वाचलं, आणि मगच आईला साखर ठेवायला सांगितली.