मत्स्यपेटीतील पार्श्वभूमीच्या वनस्पती

मत्स्यपेटीच्या मागच्या काचेलगत लावल्या जाणाऱ्या उंच जलवनस्पतींना पार्श्वभूमीच्या वनस्पती म्हणतात. गाळणयंत्र व नळ्या झाकणे, पेटीला खोलीचा भास देणे आणि बुजऱ्या माशांना आडोसा पुरवणे ही त्यांची प्रमुख कामे होत. लहान पेटीत त्यांची निवड करताना रोपाच्या आजच्या रूपापेक्षा त्याची पूर्ण वाढीची उंची आणि वाढण्याची रीत अधिक महत्त्वाची ठरते.

उंचीचा हिशेब

६० सेंमी लांब, ३० सेंमी रुंद व ३० सेंमी उंच पेटीत काठोकाठ ५४ लिटर पाणी मावते. प्रत्यक्षात मागच्या बाजूला वाळूचा ७-८ सेंमी थर असतो आणि वर थोडी जागा रिकामी ठेवावी लागते. त्यामुळे रोपाला जेमतेम २० सेंमी उंची मिळते. व्हॅलिसनेरियाच्या मोठ्या जातींची फितीसारखी पाने याच्या दुप्पट-तिप्पट लांब होतात. ती पृष्ठभागावर आडवी पसरली की खालच्या रोपांचा प्रकाश अडतो. पृष्ठभाग दाट झाकला गेल्यास हवा आणि पाणी यांच्यातील वायूंची देवघेवही मंदावते. रात्री प्रकाशसंश्लेषण थांबते, पण वनस्पती व मासे दोघांचेही श्वसन चालूच असते. म्हणून अशा पेटीत पहाटे मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकताना दिसतात. दिवसा हिरवीगार दिसणारी पेटी माशांना सुखाची असतेच असे नाही.

वाढीच्या दोन रीती

व्हॅलिसनेरियाची पाने मुळाशी झुबक्याने येतात. ती मधोमध कापल्यास कापलेले टोक बहुधा तपकिरी होऊन कुजते. लांब पान बुडापासून काढावे लागते. शिवाय तिची धावती खोडे वाळूतून पुढच्या भागातही शिरतात. पाठ्यपुस्तकातील जलपरागणामुळे विद्यार्थ्यांना परिचित असलेली ही वनस्पती कठीण पाण्यात उत्तम तगते, परंतु लहान पेटीसाठी तिची आखूड जातच घ्यावी.

पेरे व कांडी असलेल्या खोडाच्या वनस्पतींचे तसे नाही. शेंडा खुडला की खालच्या पेरांतून बाजूचे फुटवे येतात आणि झुडूप अधिक दाट होते. खुडलेला शेंडा वाळूत खोवल्यास त्याला पेरांपाशी मुळे फुटतात. म्हणजे या वनस्पतींची उंची पाळणाऱ्याच्या कात्रीवर ठरते. लहान पेटीला हा गट अधिक सोयीचा आहे, मात्र दर एक-दोन आठवड्यांनी छाटणी करण्याची तयारी हवी. ती नसेल त्याने सावकाश वाढणाऱ्या क्रिप्टोकोरिनकडे वळावे. या प्रजातीतील अरुंद पानांची रेट्रोस्पायरालिस ही जाती सह्याद्रीतील नद्यांच्या पात्रांत नैसर्गिकरीत्या आढळते. नव्या पेटीत लावल्यावर क्रिप्टोकोरिनची पाने पुष्कळदा विरघळून जातात. तेव्हा रोप उपटून टाकण्याची घाई करू नये. मुळे शाबूत असल्यास नवी पाने येतात.

नवख्यांसाठी हायग्रोफिला डिफॉर्मिस ही भारतीय उपखंडातील वनस्पती विशेष उपयुक्त आहे. ती साध्या प्रकाशात वाढते आणि पाण्यातील नायट्रोजनयुक्त द्रव्ये भराभर शोषते. रोपवाटिकांत ती बऱ्याचदा पाण्याबाहेर वाढवतात. तेथे तिची पाने साधी व दातेरी असतात. पाण्याखाली येणारी पाने मात्र पिसासारखी विभागलेली असतात. दुकानात आवडलेले पान पेटीत टिकत नाही, आणि जुनी पाने गळाली की रोप मेले असा अनेकांचा समज होतो. रोटाला रोटुंडिफोलियाची बारीक पाने लहान पेटीला शोभतात, पण तिची लाली भरपूर प्रकाशाशिवाय उतरत नाही. कॅबोम्बा दिसायला मोहक असली तरी कमी प्रकाशात तिची खालची पाने झडून पाण्यात कचरा होतो. प्रयोगशाळेत प्राणवायूचे बुडबुडे दाखवण्यासाठी वापरली जाणारी हायड्रिला फुकट मिळते, सहज जगते आणि तितक्याच सहज सारी पेटी व्यापते. गोल्डफिश असलेल्या पेटीत नाजूक पानांची कोणतीही वनस्पती लावणे म्हणजे त्यांना चारा घालणेच होय.

लहान पेटीत एक किंवा दोनच जाती निवडून त्यांचे दाट पुंजके करावेत. खोडे एकाच भोकात जुडीने न खोवता दोन-तीन सेंमी अंतरावर लावावीत, नाहीतर आतल्या खोडांना प्रकाश न मिळून ती बुडाशी कुजतात.

छाटलेल्या भागांची विल्हेवाट

छाटलेला एक तुकडाही नव्या जागी रुजू शकतो. भारतात सर्वसामान्य असलेली हायड्रिला १९५० च्या दशकात मत्स्यपेटीच्या व्यापारातून अमेरिकेतील फ्लोरिडात पोहोचली आणि तेथील जलमार्गांत उपद्रवी तण ठरली. उलट, मूळची अमेरिका खंडातील कॅबोम्बा केरळातील जलाशयांत पसरली आहे. म्हणून छाटलेले भाग ओढा, विहीर, तलाव किंवा गटारात न टाकता उन्हात पूर्ण वाळवून मगच खतात मिसळतात.